बाबांच्या पडद्यावरचे दोन सेकंद

चार पडदे, चार माणसं आणि एक जेवणाचं टेबल. आई, बाबा, भाऊ आणि आत्या. चौघांना चार वेगळ्या दिवशी एकेकटं बसवून चित्रित केलं होतं, पण पडदे शेजारी शेजारी लावले की सगळे एकत्रच जेवताहेत असं वाटतं. आई पाण्याचा जग उजवीकडे सरकवते, तो तिच्या पडद्यातून जातो आणि त्याच क्षणी बाबांच्या पडद्यात येतो. बोलत कुणीच नाही, नुसते भांड्यांचे आवाज. हे सगळं त्या घरातल्या मुलीनं कॅमेऱ्यामागे उभं राहून जमवलं. एकोणीस मिनिटांचं हे जेवण आमच्या संग्रहालयात गेली सहा वर्षं रोज दहा ते सहा चालतं, आणि चौघांनी एकमेकांची वेळ चुकवू नये एवढ्यासाठी मला पगार मिळतो.

लोकांना वाटतं, यात काय मोठंसं, बटण दाबलं की झालं. तेवढ्यानं झालं असतं तर मी केव्हाच घरी बसून झोपा काढल्या असत्या. प्रत्येक पडद्यामागे एक छोटी पेटी असते, तिच्यात त्या माणसाची फिल्म, आणि प्रत्येक पेटीचं घड्याळ आपल्याच तंद्रीत चालतं. सकाळी चौघं बरोबर निघतात, दुपारी कुणीतरी मागे रेंगाळलेलं असतं. पूर्वी या चौघांवर एक मोठी पेटी होती. आम्ही तिला मुकादम म्हणायचो. चौघांची फिल्म संपेपर्यंत मुकादम थांबायचा आणि मग सगळ्यांना एकदम सुरू करायचा. तीन वर्षांपूर्वी त्यानं मान टाकली. तसली पेटी आता मिळत नाही म्हणाले. नव्या पेट्या आल्या त्या कुणासाठी थांबणाऱ्या नव्हत्या. ज्याची फिल्म संपली तो पुन्हा सुरू.

तेव्हा कळलं की बाबांची फिल्म बाकीच्यांपेक्षा दोन सेकंदांनी मोठी आहे. दर फेरीला बाबा दोन सेकंद मागे. दुपारपर्यंत आईनं दिलेला जग वीस वीस सेकंद हवेत गडप. एक गृहस्थ तर त्यावरही मान डोलवत म्हणाले, "काय दुरावा दाखवलाय!" माझं डोकंच फिरलं.

मी बाबांच्या फिल्मचा शेवट पहिल्यांदाच नीट काढून पाहिला. जेवण झालं, हात पुसून झाले. मग ते मान वर करतात, कॅमेऱ्याच्या थोडं वर बघतात आणि विचारतात, "जमलं का गं, बुटके?" मुक्या जेवणात हे वाक्य म्हणजे काम संपल्यावरचं उरलंसुरलं, कापायचं राहून गेलेलं, असं मी धरून चालले. दोन सेकंद छाटले. चौघं सारखे झाले. उद्या कुणी चुकून जुनी फिल्म लावायला नको म्हणून कपाटातल्या मूळ डिस्कवरही नवीच चढवली आणि जुनी पुसून टाकली. नीटनेटकेपणा हा माझा जुना आजार आहे. संचालकबाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि मी महिनाभर हवेत होते.

गेल्या गुरुवारी त्या मुलीचा फोन आला. मुलगी कसली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते.

"सोमवारी तुमच्याकडे सुट्टी असते ना? बाबांना घेऊन येऊ का? दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, वाचा गेली. ती परत यायची नाही म्हणतात डॉक्टर. आणि घरात त्यांच्या आवाजाचं काहीच नाही हो. तुमच्याकडे शेवटी ते मला हाक मारतात ना, तेवढं एकदा दोघांनी बसून ऐकायचंय."

मी उसनं अवसान आणून विचारलं, "ताई, मूळ प्रत तुमच्याकडे असेलच ना?"

"नाही हो. तीनदा घर बदललं. म्हणून तर ती डिस्क तुमच्याकडे दिली. म्हटलं, तिथं सुरक्षित राहील."

पुढचे तीन दिवस मी कपाटं उपसली. ज्या कॉम्प्युटरवर कापलं होतं तो भंगारात गेलेला. बाकी कुठं काही नव्हतं. दारातच सगळं सांगून टाकायचं असं ठरवून मी सोमवारी आले.

दारात इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा चाकांच्या खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर पडलेला. मागे ताई, चांगली दारात वाकून शिरणारी. बाबांनी डावा हात कपाळाला लावून मला नमस्कार केला, आणि मी त्यांना नुसतंच आत घेतलं. मी पडदे सुरू केले.

आई दिसली तशी बाबा खुर्चीत पुढे झुकले. ती जाऊन चार वर्षं झाली होती. जग इकडून तिकडे गेला, अगदी वेळेवर. एकोणीस मिनिटांनी पडद्यातल्या बाबांनी हात पुसले, आणि लगेच जेवण पुन्हा सुरू झालं.

आम्ही आणखी एकोणीस मिनिटं बसलो. पुन्हा तेच.

"इथं ते बोलायचे ना?" तिनं मला विचारलं.

"मला नाही आठवत," मी म्हणाले. इतक्या सहज खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

ताई ओशाळून हसली. "मग मीच कापलं असेल. शेवटी शेवटी काय काय कापत होते, देव जाणे. की एवढी वर्षं उगीच मनात धरून बसले? बाबा, तुम्ही काही बोललाच नव्हतात वाटतं."

बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. मग पुन्हा. ते जोरजोरात मान हलवत होते.

"दमलात का? चला, निघूया."

तिनं खुर्ची वळवली. बाबांनी चाक घट्ट धरलं. स्वतःच्या पडद्याकडे बोट केलं, तोंड उघडलं. नुसती घरघर आली. चेहरा लालबुंद झाला होता. आपण बोललो होतो हे त्यांना पक्कं आठवत होतं, आणि मुलगी त्यांना लहान पोरासारखं समजावत होती. मला ते बघवेना.

"ताई, ते बोलले होते. मी कापलं."

मग सगळंच सांगितलं. मुकादम, दोन सेकंद, डिस्क.

"चौघांत एकाचीच फिल्म मोठी का, असा प्रश्न नाही पडला तुम्हाला?"

"नाही. मी फक्त जुळवत होते."

"एक फोन करायचा होता."

तिचा नंबर माझ्याजवळ होता. एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा, असं तेव्हा वाटलं होतं. आता ते तोंडातून काढायचीही लाज वाटली.

ताई खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. "तुमचंच बरोबर होतं, बाबा. मीच चुकले." त्यांनी चाक सोडलं. डोळे पुसायला डावा हात वर नेला, पण त्याआधी तिनंच पुसले.

उठून ती पडद्यांकडे वळली. आई जग उचलत होती.

"बंद करा आता हे," ती म्हणाली. "उद्यापासूनही लावू नका."

मी पेट्यांपाशी गेले. सहा वर्षं मी हे पडदे एकाच कळीनं एकदम बंद करत आले होते. पण कळीकडे गेलेला माझा हात तिनं धरला.

"एकेक करा," ती म्हणाली. "बाबांचा शेवटी."