ऐकत नाही

सासूबाईंनी माझ्या हर्षालीच्या कानाखाली वाजवली ती झेंडूच्या कळ्यांवरून. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात तोडणी चालली होती. सासूबाई पाठमोऱ्या बसून नातीला म्हणाल्या, "कळ्या तोडू नको." सहा वर्षांच्या पोरीने मन लावून अर्धी ओळ कळ्या तोडल्या, फ्रॉकच्या ओच्यात भरल्या आणि हसत हसत आजीला दाखवायला नेल्या.

"पोरगी ऐकतच नाय," चपराक मारून सासूबाई म्हणाल्या. "आईनं डोक्यावर बसवलीय."

सासूबाईंचं हे वाक्य वर्षभर रोज आमच्या घरात होतं. हाक मारली तरी येत नाही, म्हणजे ऐकत नाही. टीव्ही मोठा करते, म्हणजे ऐकत नाही. तोंड उघडं टाकून झोपते, घोरते, नाक सदा वाहतं, त्यावर लसणाचं कोमट तेल कानात. वर धपाटे. माझा नवरा ललित फुलबाजारातून आला की आईचं ऐकून पोरीला दटावायचा. मी मध्ये पडले की मलाच गप्प करायचे दोघं.

कळ्यांच्या दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता हर्षालीला गंगापूर रोडला नेलं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. सासूबाई हट्टाने रिक्षात चढल्या. सून डॉक्टरला काय काय सांगते ते त्यांना बघायचं होतं. डॉक्टर तेजस्विनी लहान मुलांच्याच कानांचं बघतात. त्यांनी विचारलं, "काय तक्रार आहे?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "ऐकत नाय."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असंल."

"कुठल्या कानाने कमी?"

"दोन्ही कानांनी! या कानानं आत, त्या कानानं बाहेर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, ऐकत नाही म्हणजे तिला ऐकू येत नाही, की सांगितलेलं करत नाही?"

मी सांगावं म्हणून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

हर्षालीला बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, कानात बारीक दिवा घालून पाहिलं. मग डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साचलंय. नाकामागची गाठ वाढलीय, म्हणून ती तोंडाने श्वास घेते. आपण कानात बोटं घालून बसलो तर जसं ऐकू येईल, तसं तिला सगळं ऐकू येतं. जोरात बोललेलं पोचतं, आवाज खाली पडला की राहतं. तेल आजपासून बंद."

मला कळ्या आठवल्या. आपल्या बोलण्यात 'नको' शेवटी येतं आणि शेवटाला आवाज पडतो. पोरीपर्यंत 'कळ्या तोडू' एवढंच पोचलं होतं. तिने आजीचं ऐकलं होतं. ऐकलं म्हणून मार खाल्ला तिने.

परतताना सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला काय म्हाईत बाई." बस, एवढंच. चुकलं म्हणून एक शब्द नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रिक्षातच ठरवलं, याचा वचपा काढायचा.

ऑपरेशन झालं. गाठ काढली, पडद्यांमध्ये इवल्याशा नळ्या बसवल्या. पोर कुकरच्या शिट्टीला दचकू लागली. "मम्मी, कात्रीला पण आवाज असतो?" तिने विचारलं, आणि मी मोरीत जाऊन रडून घेतलं. बाहेर आले ती कामाला लागले.

मी आवाज पाडला. नळ सोडून, पाठ करून पुटपुटायचं, "आई, चहा ठेवलाय." चहा गार झाला की ललितसमोर म्हणायचं, "सांगितलं होतं. आई ऐकतच नाहीत." त्यांचंच वाक्य, त्यांच्याच सुरात. आठवड्याभरात ललितही म्हणू लागला, "आई, ऐकत जा ना जरा." सासूबाई करंगळीने कान कोरत बसायच्या. मला गोड वाटायचं. खोटं कशाला सांगू?

मग लग्नाच्या हारांची ऑर्डर आली. ओट्यावर सासूबाई सुई-दोरा घेऊन बसल्या, शेजारच्या लताबाई मदतीला होत्या. मी पाटी ठेवता ठेवता म्हटलं, "आई, गुलाब ओवू नका." 'नका' ओठांतच ठेवलं. तासाभरात सगळा गुलाब ओवून झाला. नवरीच्या वेणीसाठी सुटा गुलाब हवा होता.

"ओवू नका म्हटलं होतं!" मी ओरडले. ललित धावत आला.

"आई, तू ऐकतच नाहीस का गं?" तो लताबाईंसमोरच कडाडला. सासूबाईंची मान खाली गेली. याच क्षणाची मी वाट बघत होते.

तेवढ्यात हर्षाली कोपऱ्यातून उठली आणि दोन्ही हात पसरून आजीच्या पुढे उभी राहिली.

"आजीला मारू नको! तिला शेवटचं ऐकू आलं नाही. मम्मी हळू बोलली. मला आलं ऐकू."

ललित माझ्याकडे बघत राहिला. सासूबाईंनीही मान वर करून पाहिलं. मी काय केलं ते त्यांना कळलं, आणि ते कुठून शिकले तेही. मी नजर खाली घेतली नाही. मग त्यांनी पोरीचे हात धरले. ज्या कानाखाली त्यांनी वाजवली होती, त्याच्याजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "हर्षाली, माझं..." पुढे आवाज पडला.

"मोठ्याने, आई," मी म्हटलं. "शेवटचं ऐकू आलं नाही."

"माझं चुकलं!" सासूबाई ओरडल्या. लताबाईंच्या हातातला हार थांबला. माझं अजून समाधान झालं नव्हतं. आणखी एकदा म्हणायला लावणार होते.

"ऐकलं, आजी," हर्षाली म्हणाली.