सुरक्षित शहरातल्या नऊ चाव्या

*चौकातल्या फलकावर एक हसरं कुटुंब आहे. खाली ठळक अक्षरांत : देशातलं सर्वांत सुरक्षित मोठं शहर, सलग तिसऱ्या वर्षी. त्याखाली बारीक अक्षरांत कारणं.*

कारण : रस्तोरस्ती लख्ख दिवे

दिवा होता ना. दुकानासमोरच्या खांबावर, इतका लख्ख की चोराला कुलूप चाचपडावंसुद्धा लागलं नसणार. सकाळी चावीवाली आली तेव्हा शटर गुडघाभर वर होतं आणि फोडलेलं कुलूप पायरीवर ठेवलेलं होतं, पाहुण्याने चप्पल काढून ठेवावी तसं नीट.

आत सगळं जागच्या जागी. चाव्या कापायचं मशीन, कानशी, नव्या कुलपांची खोकी. गल्ल्यातल्या चिल्लरीलाही कुणी हात लावला नव्हता. फक्त खिळ्यांची फळी रिकामी होती.

तयार झालेली चावी गिऱ्हाईक येईपर्यंत या फळीवर टांगायची, ही सासऱ्यांच्या काळापासूनची पद्धत. सासरे चावीला कागदाचा तुकडा बांधून त्यावर चित्र काढायचे. मासा, छत्री, टोपी. मासा म्हणजे कोण, ते त्यांनाच ठाऊक. एकदा छत्रीची चावी टोपीला गेली आणि टोपीवाला संध्याकाळभर स्वतःच्याच दाराशी कुस्ती खेळत बसला. सून दुकानात बसायला लागली तेव्हा तिने चित्रं बंद केली. स्वच्छ अक्षरात नाव, इमारत, मजला, दाराचा क्रमांक. सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

त्या फळीवर नऊ घरं टांगलेली होती. पत्त्यासकट.

कारण : जागोजागी कॅमेरे

होता. त्याच्या भिंगासमोर कबुतराने घरटं केलं होतं.

कारण : तत्पर पोलीस

चौकीतले साहेब खरंच तत्पर होते. खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की पैसे गेले नाहीत, माल गेला नाही, म्हणजे चोरी कसली? चाव्या हरवल्या असं लिहून देतो, वर शिक्काही मारतो.

"नऊच्या नऊ चाव्यांना एकदम पाय फुटले का साहेब?" ती म्हणाली.

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला तिच्या भल्याचं सांगितलं. दुकानाला कुलूप कोणतं होतं, ते आधी विचारलं. कुलूप होतं एका गिऱ्हाइकाने परत आणून दिलेलं, आतली पट्टी झिजलेलं. विकता येत नाही ते कुलूप आपल्या दाराला, अशी या धंद्यात सगळ्यांचीच सवय. साहेबांनी तिने आणलेलं फुटकं कुलूप हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. कुलूपवालीचंच दुकान फुटलं, हे एकदा कागदावर आलं की गावभर होणार. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. घरी जा, मशीन चालू करा, नवं कुलूप लावा.

कारण : सुसंस्कृत कुटुंबं

घरी तर बोलायचीच सोय नव्हती.

नवरा बस चालवतो. तो दुपारी जेवायला आला होता, हात धुता धुता म्हणाला की साहेब बरोबर बोलले. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली नाही. चोराला चाव्या नकोच असतील, पोरं खोड्या काढतात, चार दिवसांत कुठल्या तरी गटारात सापडतील, असं काहीबाही म्हणत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, माणूस आपल्याकडे कुलूप घेत नाही. विश्वास घेतो. तो गेला की उरतं लोखंड."

तिने विचारलं की त्या नऊ घरांचं काय.

काही होणार नाही, म्हणाले.

"होईल," ती म्हणाली. "आणि झालं तर कुलूप तुटणार नाही, बाबा. चावीने उघडलं जाईल, चावीने बंद होईल. मग पोलीस काय म्हणणार? घरातलंच कुणीतरी. कुणाची मोलकरीण जाईल, कुणाची सून."

सासरे ताटावरून उठले. अर्धी भाकरी ताटात तशीच. नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती भाकरी तिनेच तोंडातून काढून घेतली होती.

कारण : जागरूक शेजारी

ती घरोघर गेली.

पहिल्या घरी दार उघडणाऱ्या बाईने सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. आतून आडणा सरकवल्याचा आवाज आला. ते बरंच झालं.

दुसऱ्या घरातला कारकून ओरडला. ती ऐकून घेत उभी राहिली आणि तो दमल्यावर पिशवीतून नवं कुलूप काढून म्हणाली, आधी हे बसवू देता का, मग उरलेलं ओरडा. तो उरलेलं ओरडला नाही, पण यापुढे तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही असं मात्र शांतपणे सांगितलं.

तिसऱ्या घरी कुणी नव्हतं.

चौथ्या घरी

चौथ्या घरी शिंपीण. मशीनवर बसलेली, तोंडात टाचण्या. तिने टाचण्या काढल्या, उशीत खोचल्या आणि अगदी सहज म्हणाली, "अगं, मागच्या वर्षीपण आमची हरवली होतीच की तुमच्याकडून. आजोबांनी दुसरी फुकट करून दिली. म्हणाले, फळीमागे पडली असेल."

चावीवालीला हे ठाऊक नव्हतं. ती तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती.

मग शिंपिणीचा हात चाकावर थांबला. दोघींच्या डोक्यात एकच गोष्ट बहुधा एकदमच आली. मागच्या वर्षी शिंपिणीच्या घरातून बांगड्या गेल्या होत्या. कुलूप तुटलं नव्हतं. घरात शिकायला राहिलेला नवऱ्याचा भाचा होता. तक्रार केली नाही, घरच्या पोराची कुठे करायची? त्याचं सामान दारात ठेवलं. नणंद अजून बोलत नाही.

"नाही, नाही म्हणत होता," शिंपीण म्हणाली. "पाया पडत होता माझ्या."

चावीवालीने कुलूप बदललं.

~~कारण : मुळातच प्रामाणिक माणसं~~

कारण, फलकावर नसलेलं

एकाची अब्रू, दुसऱ्याचा धंदा, तिसरीची नणंद, साहेबांची बढती. प्रत्येकाकडे तोंड मिटायला चांगलं, पटण्यासारखं कारण असतं. अशी लाखभर कारणं शेजारी शेजारी राहायला लागली की त्याला सुरक्षित शहर म्हणतात. अळीमिळी गुपचिळी, आणि वर पुरस्कार.

उरलेली घरं पुरी करून ती दुकानात आली तेव्हा सासरे रिकाम्या फळीसमोर स्टुलावर बसले होते. तिने शिंपिणीच्या बांगड्यांचं सांगितलं. भाच्याचं सांगितलं. त्यांच्यावर आवाज चढवला नाही, कारण गरज पडली नाही.

"मागच्या वर्षी दुकानाचं कुलूप फुटलं होतं का, बाबा?"

सासऱ्यांनी चष्मा काढला.

"फुटलं नव्हतं. उघडलं होतं," ते म्हणाले. "चांगल्या हाताने. कुलूप पाहूनच मी ओळखलं."

"आणि?"

"आणि दुकान झाडून घेतलं. कुणाला कळू दिलं नाही."

ती म्हणाली की आपण आत्ता चौकीत जातोय. सासरे म्हणाले, या वयात माझं हसं होईल. ती म्हणाली होऊ दे. दुकान बसेल, म्हणाले. बसू दे, म्हणाली, चाव्या काय, मी सायकलीवर फिरूनही करीन. पण एका पोराच्या डोक्यावर आपली चोरी ठेवून मला या गल्ल्यावर बसता यायचं नाही. नवरा तेवढ्यात बस लावून आला. दोघांची तोंडं पाहून त्याने सासऱ्यांची चप्पल शोधून त्यांच्या पायाशी ठेवली.

साहेबांनी पुन्हा खुर्ची दिली. यावेळी तीन लागल्या. शिंपिणीला आणि कारकुनाला तिने वाटेत निरोप दिला होता; शिंपीण आल्यावर चौथी. मग कारकूनही आला, दारातच उभा राहिला, बसा म्हटलं तर नको म्हणाला.

साहेबांनी सगळ्यांकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. या चौकीत वर्षभरात एकाही घरफोडीची नोंद नाही, हे तिला समजावून सांगितलं. वरून विचारणा होईल, पेपरवाले येतील, दुकानाचा फोटो छापतील. "विचार करा बाई. या चौकीच्या वहीत, वर्षातली पहिली चोरी तुमच्या नावावर लागेल."

"पहिली माझी नाही," चावीवाली म्हणाली. "पहिली मागच्या वर्षीची. बाबा सांगतील. ती आधी लिहा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं नाही.

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. शिंपिणीनेही ओढली. सासऱ्यांनी घसा साफ केला, आणि कुणी लिहितंय की नाही हे न पाहता ते सांगायला लागले.