माझं नाव ‘चुगल्या’ कसं पडलं

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस सेट आहे. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या गट ऑफिसात मी राहतो. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, हा निरोप कारखान्यातून माझ्यावर येतो. माझा ऑपरेटर भीमराज रोज सकाळी फडक्यानं माझी धूळ पुसायचा.

१९९६ सालच्या हंगामात राहीबाईंच्या उसाची पाळी आली. भीमराजनं तो निरोप लगेच गटप्रमुख आबासाहेबांना दिला. त्यांनी मात्र तोडणीची टोळी आपल्या मेव्हण्याच्या फडात घातली. ऊस वाळायला लागला, तेव्हा राहीबाई ऑफिसात आल्या.

“बाई, निरोपच आला न्हाई,” आबासाहेब म्हणाले. “हा सेट मुका हाय, अन् ऑपरेटर झोपाळू.”

भीमराजला कामावरून काढलं. जाताना त्यानं माझ्यावरून हात फिरवला. गाव मला ‘मुका’ म्हणू लागलं. मित्रांनो, मी एकही निरोप कधी गिळला नव्हता. त्या दिवशी मी डूख धरला.

आता आबासाहेब स्वतः मला वापरू लागले. बोलून झालं की माईक टेबलावर आपटायचे. त्याचं बटण दाबलेलं असेपर्यंत समोरचं बोलणं सगळीकडं ऐकू जातं. आपटून आपटून एका सकाळी ते बटण आतच अडकलं. जोर केला असता, तर कदाचित मी ते सोडवलं असतं. मी जोर केला नाही.

समोर मेव्हणा पुंजाराम चहा पीत होता. “राहीबाई लई बोलती म्हनं?”

“बोलू दे. निरोप मला येळेवर मिळाला हुता. भीमराजवर ढकललं, सेटवर ढकललं. कोन इचारतंय?”

कारखान्यात आणि सहाही गट ऑफिसांत हे ऐकू गेलं. अर्ध्या तासात शेतकी अधिकाऱ्यांची जीप दारात उभी राहिली.

“आबासाहेब,” ते शांतपणे म्हणाले, “आधी ते बटण सोडवा.”

आबासाहेबांचा पडलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला.

त्यांचं पद गेलं. भीमराज परत आला. राहीबाईंच्या फडात टोळी गेली, पण उसाचं घटलेलं वजन काही भरून आलं नाही.

“मुका कसला,” राहीबाई म्हणाल्या, “ह्यो तर चुगल्या हाय.”

पुढच्या हंगामात साऱ्या गटांतल्या सेटांना लोक चुगल्याच म्हणू लागले. मित्रांनो, यंत्र हळू हातानं वापरा, आणि आपली चूक त्याच्या माथी मारू नका. आबासाहेबांना विचारा. हल्ली तेही खिडकीशी रांगेत उभे राहतात आणि मान खाली घालून भीमराजला विचारतात, “चुगल्यावर आमची पाळी आली का?”