सागाचा ठोकळा

"माणसाने दोनच शोध धड लावले, एक अग्नी आणि दुसरा रेडिओ," असं मनोहरराव जन्मभर सांगत आले होते. त्यातला दुसरा त्यांच्या कपाटावर होता आणि थापड खाल्ल्याशिवाय बोलत नव्हता.

संध्याकाळ झाली की गल्ली लोटायची ती शेजारी लहानूजींकडे. त्यांच्या मुलाने पुण्याहून इंटरनेटचा लॉसलेस रेडिओ पाठवला होता. लॉसलेस म्हणजे वाटेत आवाजाचा कणही सांडत नाही. सतार लागली की तारेवर घासलेलं बोटसुद्धा ऐकू येई. समोरच्या बाकड्यावर पहिली बसायची मनोहररावांची बायको शामला. घरी चहा थर्मासमध्ये असायचा. मनोहररावांच्या पोटात आग पडायची आणि ते जेलुसिल घ्यायचे.

अशात नादानंद महाराज उगवले. रेडिओ चांगला, पण वीज कलियुगातली, असं त्यांचं निदान. स्पीकरखाली मंतरलेला सागाचा ठोकळा ठेवला की नाद निर्मळ होतो, कान उघडतात, आणि जमलं तर गुडघेही. उभी हयात लकडगंजात लाकूड विकलेले लहानूजी लाकूड घ्यायला तयार झाले. शामलाने तर ठोकळ्याच्या मोलात द्यायला लग्नातली बांगडी काढून पदरात बांधून आणली. आपल्या घरात नाही तर नाही, निदान कपाटावरच्या रेडिओखाली तरी निर्मळ काही असावं, म्हणाली.

आरतीला मिटता तसे डोळे मिटा, महाराजांनी फर्मावलं. सतार वाजली. मग ठोकळा ठेवला, आणि तीच सतार अंगावर धावून आली. "अहाहा," गल्ली म्हणाली.

उघडे होते ते फक्त मनोहररावांचे डोळे. आपली बायको कोणाच्या नादाला मान डोलावते आहे, हे बघणाऱ्याला डोळे मिटणं जमत नाही. त्यांना महाराजांच्या शालीखाली मोबाइल दिसला, आणि त्यावर सरकणारा अंगठा.

"महाराज, मोबाइल लहानूजीले द्या."

"काहून?"

"अंगठा थकला असंल."

मोबाइल लहानूजींच्या हाती आला. मनोहररावांनी सगळ्यांना पुन्हा डोळे मिटायला लावले आणि लहानूजींच्या कानात काही सांगितलं. सतार पुन्हा भरून आली. पुन्हा अहाहा. डोळे उघडले तेव्हा ठोकळा मनोहररावांच्या काखेत होता.

"मोबाइलवरून आवाज थोडा मोठा केला की कानाले तो चांगलाच वाटते," ते म्हणाले. "ते कानाचं काम आहे, कृपा नाही. रेडिओ चांगला आहे तो मशीनमुळे. कोणी डोळे मिटा म्हटलं, की एक उघडा ठेवत जा. अन् विकत घेण्याआधी वस्तू झाकून फरक ओळखता येते का, ते पाहा."

तोवर महाराजांना कन्हानची बस आठवली होती.

शामलाने बांगडी पुन्हा हातात चढवली. मनोहरराव विजयी मुद्रेने म्हणाले, "चला घरी."

ती जागची हलली नाही. "ठोकळ्याबिना बी मस्त ऐकू येऊन राहिलं. तुमचा तर थापड मागते."

लहानूजींनी नवीन राग लावला. मनोहरराव दारात उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. तारेवरचं बोट त्यांनाही ऐकू आलं. मग ते बाकड्याशी वाकून हळूच म्हणाले,

"जराशी सरक वं."