गाठ उजळली तर

सरुबाईनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि तपासणीच्या टेबलावर आडव्या झालेल्या नवऱ्याच्या, गेणूच्या, कानामागं घासलं. पिवळं काही निघेना.

“बाई, भंडारा नाही तो,” डॉक्टर माधवी हळूच म्हणाल्या. “कावीळ आहे.”

हे तिला सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं, पण जुनी खोड जाते थोडीच! बिरोबाच्या जत्रेत अख्खं कन्हेरी गाव भंडाऱ्यानं न्हालेलं. इतक्या पिवळ्या माणसांत एक माणूस आतून पिवळा होतोय, हे कुणाच्या बापाला कळणार? तीन आठवडे ती गेणूला घासून आंघोळ घालत राहिली, आणि वर त्यालाच बोल लावत राहिली. आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटे.

बाहेरच्या बाकावर डॉक्टरांनी तिला एकटीला सांगितलं होतं. स्वादुपिंडात गाठ आहे. बारामतीत नवंच आलेलं औषध शिरेतून सोडायचं. त्यात बारीक बुडबुडे असतात, ते रक्ताबरोबर फिरतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरे चमकतात. गाठ उजळली तर बहुतेक सूज, तिच्यावर उपाय आहे. काळीच राहिली तर कॅन्सर धरून चालायचं. गेणूला यातलं अक्षर सांगू नका, एवढं सरुबाईनं पदर पसरून मागून घेतलं होतं.

डॉक्टरांनी गेणूच्या शिरेत औषध सोडलं आणि दिवा मालवला. खोली गार होती, यंत्र आपल्याशीच गुणगुणत होतं. गेणू छताकडं बघत होता. पडदा सरुबाईच्या बाजूला होता. तिनं त्याचा हात हातात घेतला.

आधी नुसता काळोख. मग कडेनं एक पांढरा ठिपका आला, मागोमाग दुसरा, आणि बघता बघता मेंढरं माळावर उतरावीत तसे ते उतरत गेले. सरुबाईला वाटलं, आपण नवी नवरी आहोत, कोकणातून मेंढरं घेऊन परततोय, धुक्यात पुढं गेणू चालतोय खांद्यावर घोंगडी टाकून. कुणाचं काही दुखत नाही. तिला फार बरं वाटलं.

सगळा माळ भरला. मधली एक जागा तेवढी काळी राहिली. ठिपके तिच्या कडेपर्यंत येत आणि वळसा घालून पुढं जात. जा रं आत, ती मनात म्हणत होती, एक तरी जा. हळूहळू ठिपके विझले. ती जागा होती तशीच होती.

डॉक्टरांनी दिवा लावला, सरुबाईकडं एकदा पाहिलं आणि गेणूचं पोट पुसू लागल्या.

“काय दिसलं गं?” गेणूनं विचारलं.

“काय दिसायचंय? समदं लखलखीत. नुसती सूज हाय.”

“बरं झालं.” त्यानं मोकळ्या हातानं सदरा पोटावर ओढला. “मनिषाला सणसरहून बोलावून घे. लेकीला बघून लई दिस झालं.”

“आत्ता? तिच्या घरी ऊसतोड चालू हाय.”

“असू दे. पोरांना घिऊन ये म्हनावं.” मग तो तिच्याकडं वळला. “आन हात सोड की आता. कवाधरनं आवळलायस, बोटं बधिर झाली माजी.”