खांबाआडची खुर्ची

मित्रांनो, मी नाट्यगृहातली एक जुनी खुर्ची आहे. तुम्ही आमच्याकडे नाटक बघायला आलात तरी माझ्यावर बसायची पाळी तुमच्यावर सहसा येणार नाही, कारण माझ्यासमोर एक जाडजूड खांब आहे. तिकीट देणारे गृहस्थ भले आहेत. माझं तिकीट फाडण्याआधी ते प्रत्येकाला बजावतात, "मध्ये खांब येतो हं, मागाहून तक्रार नको." मग माणूस दुसरी खुर्ची मागतो, आणि मी रिकामी राहते.

मला घडवणारा सुतार मात्र मला खांबामागे बसवायला घडवत नव्हता. त्याने माझे हात तासून तासून असे गुळगुळीत केले, की त्यावरून बोट फिरवून तो स्वतःवरच खूश झाला. बैठकीला लाल मखमल होती, खाली नव्याकोऱ्या स्प्रिंगा होत्या. मग आम्हा सगळ्यांना रांगेत ठोकलं आणि माझ्या वाट्याला हा खांब आला. रंगमंचाची उजवी बाजू मला आजवर दिसलेली नाही. तिथे राजे आले आणि मेले, लग्नं जमली आणि मोडली, ते सगळं मी नुसतं ऐकलं आहे.

तोंडावर खांब असल्यामुळे मी प्रेक्षकांकडे लक्ष द्यायला शिकले. आम्हा खुर्च्यांना माणसाच्या मनातलं लवकर कळतं. कंटाळा चेहऱ्यावर पोचायच्या आधी बैठकीत पोचलेला असतो. माणूस चुळबुळतो, या कुशीवरून त्या कुशीवर होतो, पाय हलवतो, मग खोकतो. एकाने खोकून घेतलं की बाकीच्यांनाही घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. नाटक रंगलं तर अख्खी रांग पुढे झुकते आणि आमच्या पाठी मोकळ्या होतात. मला तो क्षण फार आवडतो, जरी त्या वेळी माझ्या पाठीला कुणी टेकलेलं नसतं.

मधल्या काळात नाट्यगृह बंद होतं. त्याबद्दल फार सांगत नाही. उंदरांनी माझ्या मखमलीत बिऱ्हाड थाटलं होतं एवढं सांगितलं की पुरे. पुन्हा दारं उघडली तेव्हा माझ्या बैठकीला भलत्याच रंगाचं ठिगळ लागलं होतं, आणि रंगमंचावर एक नवं संगीत नाटक आलं होतं. शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलामुलींचं. त्यांची भांडणं, त्यांची प्रेमं, त्यांच्या आईबापांशी चाललेली धुसफूस, आणि सगळं गाऊन, नाचून.

काय सांगू तुम्हाला, पहिल्या प्रयोगाला अर्धं सभागृह उभं राहून ओरडत होतं आणि अर्धं कानात बोटं घालून बसलं होतं. पुढच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर मध्यंतरात म्हणाले की आमच्या वेळी असं काही नव्हतं, आणि त्यांच्या बायकोने सगळ्यांदेखत विचारलं, मग तुम्ही माझ्या घराखाली सायकलची घंटी कशाला वाजवत होतात? एक आजी दर गाण्यानंतर नातीला विचारायच्या की आता रडायचं की हसायचं. पुढच्या प्रयोगांना मुलं तर गाण्यांचे शब्द पाठ करून येत आणि नटांच्या आधी म्हणत. आणि आया? आया रंगमंचाकडे कमी आणि शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे जास्त बघत. मुलाने बघितलं की झटकन मान वळवत.

अशाच एका दुपारच्या प्रयोगाला माझ्यावर एक चष्मेवाले येऊन बसले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यांना त्यांच्या थोरल्या बहिणीने ओढून आणलं होतं आणि उशिरा आल्यामुळे खांब त्यांच्या नशिबी आला. बहीण म्हणाली, "लोकांची नजर सुधारणारा माणूस, आणि बसलाय कुठे बघ." ते हसले नाहीत. मध्यंतरात त्यांचं बोलणं ऐकून मला कारण कळलं. त्यांच्या मुलीने घरात न विचारता आपले लांब केस कानापर्यंत कापून टाकले होते. त्यावरून ते तिला शाळेच्या फाटकापाशी, तिच्या मैत्रिणींसमोर, नाही नाही ते बोलले. तेव्हापासून मुलीने त्यांच्याशी अबोला धरला होता. जेवायला बसली तरी आईला सांगायची, "बाबांना सांग, मीठ पुढे सरकवायला." मीठ त्यांच्या हाताशी आणि ती समोर.

बहीण म्हणाली की तूच जाऊन बोल तिच्याशी. ते म्हणाले, "मला शब्दच सापडत नाहीत गं ताई."

आणि मग दुसऱ्या अंकात ते गाणं आलं. रंगमंचाच्या मधोमध एक बंद दार. डावीकडे खोलीत मुलगी, उजवीकडे बाहेर तिचा बाप. बाप गातो की हात दारापर्यंत येतो, पण वाजवायचं धाडस होत नाही. मुलगी गाते, "कडी नाही लावली मी, ढकलून तरी बघा." दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही. मुलगी उठून दाराजवळ येते आणि दिवे जातात. माझ्यावरून फक्त मुलगी दिसते. बापाचा आवाज तेवढा खांबामागून येतो.

चष्मेवाल्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले होते. गाणं संपलं तरी सोडले नाहीत.

टाळी पडली नाही. कधीच पडायची नाही त्या गाण्याला. आणि मित्रांनो, का पडायची नाही हे आमच्या रांगेत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी रुमाल शोधत असायचं, कुणी शेजारच्याचं मनगट पकडलेलं असायचं, आणि एखादा दांडगा मुलगा बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकायचा तो वर यायचाच नाही. टाळी वाजवायला हात रिकामे लागतात.

पण निर्मात्यांना हे कसं कळावं? ते आणि गाण्यांना चाली देणाऱ्या संगीतकार बाई प्रयोग चालू असताना माझ्याच मागे, खांबाच्या सावलीत उभे राहत. नवं नाटक थोडे प्रयोग झाले की छाटायचं, ही त्यांची रीत. निर्माते म्हणाले, "प्रत्येक गाण्याला टाळी आहे, यालाच नाही. लोक थंड पडतात. काढून टाकू."

बाई म्हणाल्या, "अजून थोडे दिवस बघू या ना. मला ते सगळ्यात जवळचं आहे."

निर्माते वाईट नव्हते. त्यांनी खरंच थोडे दिवस बघितलं. दर प्रयोगाला बाई अंधारात कान टवकारून उभ्या राहत आणि दर प्रयोगाला तीच शांतता. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अहो, एकदा पुढे या, या लोकांचे चेहरे बघा. पण मला एकच भाषा येते, कुरकुरण्याची. मी जीव तोडून कुरकुरले. निर्मात्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या सांध्यात तेल घालायला लावलं.

इकडे चष्मेवाले पुन्हा पुन्हा येत होते, एकटे, आणि मुद्दाम माझंच तिकीट मागत होते. मग एकदा त्यांनी माझ्या शेजारच्या खुर्चीचंही तिकीट आगाऊ घेतलं. बहीण सोबत होती, तिला ते सांगत होते, "रविवारी पोरीला आणतो. वर्गातल्या सगळ्यांनी नाटक बघितलंय, त्यामुळे यायला तयार झाली. त्या खुर्चीवरून दाराच्या दोन्ही बाजू दिसतात. मला जे बोलता येत नाही ते तिला तिथून दिसेल." त्यांचा आवाज किती हलका झाला होता त्या दिवशी!

आणि शनिवारी ते गाणं काढलं. बाईंनी निर्मात्यांना मान हलवून होकार दिला आणि पायऱ्या उतरून गेल्या.

रविवारी मुलगी आली. कापलेल्या केसांना आता थोडं वळण आलं होतं. ती शेजारच्या खुर्चीत बसली, पण अंग वडिलांपासून दूर चोरून. पहिल्या अंकात ती हसली, तिने टाळ्या पिटल्या, एका गाण्याला ओठ हलवले. मला मात्र गाणं काढल्याचं ठाऊक होतं, त्यामुळे त्या नाटकात गोडी वाटत नव्हती. दुसरा अंक सुरू झाला तसे चष्मेवाले पुढे सरकून बसले. आता येईल, आता येईल. दार आलंच नाही. त्या जागी धडाधड ढोल वाजले आणि सगळे एकदम नाचायला लागले. ते आणखी थोडे पुढे सरकले, आणि मग हळूहळू माझ्या पाठीला टेकले. इतकं जड होऊन माझ्यावर कुणी टेकल्याचं मला आठवत नाही.

पडदा पडला. लोक बडबडत बाहेर गेले. हे दोघं बसूनच राहिले. मध्ये सांगायला ना आई होती, ना आत्या. शेवटी मुलगीच खांबाकडे बघत म्हणाली, "आत्या म्हणाली होती, तुला मला कुठलंसं गाणं ऐकवायचंय."

"ते आज नव्हतं," ते म्हणाले. "काढलं वाटतं."

"काय होतं त्यात?"

"एक दार असतं. मुलगी आत आणि बाप बाहेर. बाप मला कधी दिसला नाही, हा खांब होता मध्ये. नुसता ऐकू यायचा."

"काय म्हणायचा?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मी श्वास रोखून धरला असता, मला श्वास असता तर.

"म्हणायचा, की मी तुझ्या मैत्रिणींसमोर तसं बोलायला नको होतं. घरी येऊनही बोलायला नको होतं. तुझे केस होते ते, तू कापलेस. माझं चुकलं."

मुलीने आता त्यांच्याकडे बघितलं. "हे गाण्यात होतं?"

"नाही," ते म्हणाले. "गाण्यात यमकं होती."

तिला हसू आलं, ते तिने दाबलं, आणि दाबता दाबता तिचे डोळे भरले. बराच वेळ ती बोटाने नाक पुसत राहिली. मग तिने विचारलं, "आणि मुलगी काय म्हणते?"

"म्हणते की कडी लावलेली नाही."

तिने मान खाली घातली. झाडूवाल्या मावशी मागच्या रांगांपासून सुरुवात करून आमच्यापर्यंत आल्या, थबकल्या, आणि आमची रांग सोडून पुढे गेल्या. मग मुलगी उठली. "चल बाबा, भूक लागलीय मला," ती म्हणाली आणि दाराशी जाऊन त्यांच्यासाठी थांबली.

चष्मेवाले त्यानंतर आले नाहीत. आता त्यांना यायचं कारणही नाही. मला त्यांची आठवण येते, हे मान्य करते. पण मित्रांनो, माझा जीव तुटतो तो बाईंसाठी. नाटक जोरात चालू आहे, टाळ्यांना खंड नाही. कधीकधी बाई येतात आणि माझी जागा रिकामी दिसली की माझ्यावर बसतात. दुसऱ्या अंकात ती जागा आली की त्यांची बोटं माझ्या हातावर त्या गाण्याचा ठेका धरतात, ढोलांच्या खाली, कुणाला ऐकू जाणार नाही असा. आणि त्यांना अजून वाटतं की ते गाणं कुणालाच आवडलं नव्हतं.

माझी मखमल फाडू नका, माझ्यावर पाय ठेवू नका, हे तर मी सांगणारच, खुर्ची आहे मी. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागते. तुम्हाला एखादं गाणं मनाला भिडलं आणि हात गुंतलेले असले, तर टाळी राहू द्या. फक्त जाताना मागे वळा. खांबाच्या सावलीत कुणीतरी उभं असेल, त्यांना तेवढं सांगून जा. मला सांगता आलं नाही. तुम्हाला येतं.