शेडमधली एकतीस वर्षं

वर्ग सुरू व्हायच्या आधी नर्सिंगच्या शिक्षिका बोदिल हिने थीराला पुन्हा बजावलं, "विचारतील तेवढंच सांग. आपणहून काही नाही. पोरांना काय येतं तेच बघायचंय."

थीरा सरावाची रुग्ण म्हणून आली होती. फुप्फुसांचा जुनाट आजार जडून तिला आठ वर्षं झाली होती. कॉलेजचा एक जिना चढतानाही मध्येच थांबून, ओठांचा चंबू करून तिला श्वास सोडावा लागला होता.

पहिली जोडी समोर बसली. "दिवसाला किती सिगारेटी?"

"एकही नाही."

"सोडल्या कधी?"

"धरल्याच नव्हत्या."

मुलीने कागदावर खरडलं. थीराने मान वाकडी करून वाचलं : 'रुग्ण धूम्रपान नाकारते.' चोरीचा आळ नाकारावा तसं.

दुसऱ्या जोडीने नवरा ओढायचा का ते विचारलं. तोही ओढत नव्हता. चौथ्या जोडीतला येप्पे वर्गातला सर्वांत हुशार. तो अगदी मायेने म्हणाला, "लाजू नका, थीरा. खरं सांगितलंत तरच आम्हाला मदत करता येईल."

थीराची कानशिलं तापली. डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड खाडीच्या काठी, हजारभर डुकरांच्या शेडमध्ये तिने एकतीस वर्षं पेंढा पसरला होता, कोरडं खाद्य ओतलं होतं. तुम्ही काम काय करत होता, एवढं एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

तास संपल्यावर बोदिल अवघडून म्हणाली, "लेखी परीक्षेत या सगळ्यांना उत्तम गुण होते गं."

"पुस्तकात धुळीबद्दल काही आहे की नाही?"

"आहे. एक ओळ."

"मग गुरुवारी घेऊन ये सगळ्यांना. उरलेलं मी शिकवते."

शेड आता तिचा भाचा टॉर्बेन चालवायचा. तो फोनवर हसत सुटला. "मावशी, माझी डुकरं बघायला सोळा नर्सा? माझं लग्नबिग्न ठरवतेस की काय?"

"तुझ्याकडे बघून पळतील त्या. गुरुवारी, दहा वाजता. ओव्हरऑल आणि मास्क काढून ठेव."

गुरुवारी बोदिल पोरांना घेऊन आत गेली. थीरा अंगणातल्या बाकावर बसली. दारातून येणाऱ्या वाऱ्यानेसुद्धा आता तिची छाती आवळायची. अर्ध्या तासाने येप्पे सर्वांत आधी बाहेर आला. त्याच्या पांढऱ्या मास्कवर पिंगट थर साचला होता.

"तुम्ही काय बांधायचात?"

"डोक्याला रुमाल."

"तोंडाला?"

"काही नाही."

येप्पे तिच्याशेजारी बसला. "त्या दिवशी मी तुम्हाला खोटं ठरवलं. चुकलं माझं." मग त्याने वही काढली. दिवसाचे तास किती, हवा खेळती होती का, खोकला कधी लागला, सगळं विचारलं. शेवटी पेन थांबवून म्हणाला, "टॉर्बेन आत मास्कशिवाय पेंढा पसरतोय. किती वर्षं झाली त्याला?"

"तेरा."

"खोकतो?"

रोज सकाळी कॉफीआधी तो खोकायचा. तिला ते ऐकायची सवय झाली होती. इतरांना आंधळं म्हणत होती, आणि स्वतः? ती उठली, दारापर्यंत गेली आणि होता नव्हता तेवढा दम लावून ओरडली, "टॉर्बेन! बाहेर ये!"

येप्पेने पिशवीतून श्वास मोजायचं छोटं यंत्र काढलं.

"मला काय झालंय?" टॉर्बेन म्हणाला. "कामं पडलीत, मावशी."

"मीही हेच म्हणायचे. फुंक."

"नंतर बघू."

"मी इथून हलणार नाही. फुंक."

धाप लागलेली मावशी दाराची चौकट धरून उभी राहिलेली पाहून त्याने मुकाट्याने फुंकलं. तीनदा. येप्पेने आकडा पाहिला आणि मागोमाग बाहेर आलेल्या बोदिलला दाखवला.

"यावरून आजार ठरत नाही," बोदिल म्हणाली. "पण या वयाला आकडा कमी आहे. चार-पाच दिवसांत डॉक्टरकडे जा."

थीराने तिथल्या तिथे फोन लावला आणि सोमवारची वेळ घेतली.

डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं, आजाराची सुरुवात आहे, पण वेळेवर आलात. टॉर्बेनने आठवडाभर कुरकुर केली, मास्कला शिव्या घातल्या, पण तो घालूनच आत जाऊ लागला. महिन्याभरात त्याने शेडला नवे पंखेही बसवले.

तिकडे बोदिलने पुढच्या तुकडीचं वेळापत्रक लावलं. त्यात शेडसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवला आणि शिकवणाऱ्याच्या रकान्यात थीराचं नाव घातलं.